उसने कान

आकाशवाणीवरून किंवा भ्रमणध्वनीवरून एखादे गाणे कानी पडले, म्हणजे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक चित्र उभे राहते. मध्यभागी गायक बसला आहे, त्याच्या एका बाजूस तबलजी, दुसऱ्या बाजूस पेटीवाला, मागे तंबोरा. आणि सर्वजण एकाच वेळी, एकाच खोलीत गात-वाजवीत आहेत. आजच्या पुष्कळशा गाण्यांच्या बाबतीत हे चित्र खरे नसते. तबला सोमवारी वाजलेला असतो, पेटी गुरुवारी, आणि गायक गायला तेव्हा त्या खोलीत दुसरे वाद्यच नसते. प्रत्येकाचा आवाज निरनिराळा मुद्रित करून ठेवलेला असतो. मग कोणीतरी ते सर्व आवाज एकत्र आणतो. कोणता मोठा ठेवावयाचा, कोणता लहान. कोणता डावीकडून यावा, कोणता उजवीकडून. कोणता जवळचा वाटावा आणि कोणता दूरचा, हे तो ठरवितो. या कामास ध्वनिमिश्रण म्हणतात. ते करणारे लोक आपसांत त्याला मिक्सिंग असे म्हणतात.

पूर्वी हे काम मोठ्या शहरांतील ध्वनिमुद्रणशाळांतच होत असे. आज ते राहत्या घरातील एखाद्या खोलीतही होऊ शकते, आणि जगभर असंख्य हौशी लोक आपला उद्योग सांभाळून फावल्या वेळात ते करीत असतात. त्यासाठी लागणारी साधने घरात कशी आली ही गोष्ट मनोरंजक आहे. परंतु साधने घरात आली तरी ही विद्या घरात एकट्याने बसून का साधत नाही, ही गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे.

इ. स. १९०२ मध्ये फ्रेड गायस्बर्ग नावाचा ध्वनिमुद्रक कोलकात्यास आला आणि त्याने तेथे तात्पुरती ध्वनिमुद्रणशाळा थाटली. गौहर जान या विख्यात गायिकेचे गाणे त्याने मुद्रित केले. त्या काळी मायक्रोफोन वापरात नव्हता आणि ध्वनिमुद्रणाच्या यंत्रात विजेचाही उपयोग नव्हता. एक मोठा कर्णा असे. गायकाने त्याच्या तोंडाशी उभे राहून गावयाचे. त्या आवाजाच्या धक्क्याने कर्ण्याच्या टोकाशी असलेला पडदा कापे, त्याला जोडलेली सुई हाले आणि मेणासारख्या मऊ तबकडीवर ती सुई रेघ कोरीत जाई. अशा यंत्रात कोणताही आवाज मागाहून वाढविता किंवा घटविता येत नसे. मग गायक व वादक यांचे प्रमाण साधावयाचे कसे? तर अंतराने. ज्याचा आवाज मोठा त्याला दूर उभे करावयाचे, ज्याचा लहान त्याला जवळ. गायकाला वरचा स्वर जोराने लावावयाचा असला की तो एक पाऊल मागे सरे, आणि हळू गाताना पुन्हा कर्ण्याकडे झुके. व्हायोलिनचा नाजूक आवाज तर कर्ण्यापर्यंत नीट पोहोचतच नसे; म्हणून त्या वाद्यालाच कर्णा जोडून एक नवे वाद्य तयार करण्यात आले होते. त्या काळचे सगळे मिश्रण असे हवेतच, माणसे मागेपुढे सरकवून होत असे.

१९२५ च्या सुमारास मायक्रोफोन आणि विजेची यंत्रे आली आणि कर्णा मागे पडला. तरीही सर्वांनी एकदम गावे-वाजवावे हा नियम सुटला नव्हता. तो मोडणाऱ्यांत लेस पॉल या अमेरिकन गिटारवादकाचे नाव प्रमुख आहे. त्याने आपल्या घराच्या गॅरेजमध्ये ध्वनिमुद्रणाची साधने जमविली होती. तो गिटारचा एक भाग वाजवून तबकडीवर मुद्रित करी. मग ती तबकडी लावून तिच्या जोडीला दुसरा भाग वाजवी आणि दोन्ही मिळून दुसऱ्या तबकडीवर उतरवी. मग तिसरा, मग चौथा. १९४८ साली 'लव्हर' ही त्याची ध्वनिमुद्रिका निघाली, तिच्यातील साऱ्या गिटारी त्याच्या एकट्याच्या आहेत. या पद्धतीत शेवटच्या भागात एक चूक झाली की ती शेवटची संपूर्ण तबकडी वाया जाई, आणि आधीचे आवाज आपसांत कमीजास्त करण्याची तर सोयच नव्हती. १९५७ साली आठ स्वतंत्र पट्ट्यांवर मुद्रण करणारे यंत्र त्याला मिळाले. अशा पट्टीलाच ट्रॅक म्हणतात. ट्रॅक निराळे झाले आणि ध्वनिमिश्रण ही एक वेगळी कला झाली.

अशी यंत्रे सामान्य माणसाच्या आवाक्यातली नव्हती. १९७९ मध्ये एका जपानी कंपनीने साध्या कॅसेटवर चार ट्रॅक मुद्रित करणारे, टेबलावर मावणारे 'पोर्टास्टुडिओ' नावाचे यंत्र बाजारात आणले. ब्रूस स्प्रिंगस्टीन या अमेरिकन गायकाने १९८२ च्या आरंभी न्यू जर्सीतील आपल्या घरी, खोलीतच बसून, या यंत्रावर काही गाणी मुद्रित केली. ती कच्ची म्हणूनच केली होती. पुढे सर्व वादकांसह मोठ्या ध्वनिमुद्रणशाळेत ती नव्याने करावयाची होती, आणि तसा प्रयत्न झालाही. पण त्या कॅसेटमधला भाव तेथे पुन्हा सापडेना. शेवटी ती घरची कॅसेटच 'नेब्रास्का' या नावाने त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. पुढे संगणक घराघरांत आला. २००० साली अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात तयार झालेला 'ऑडॅसिटी' हा कार्यक्रम कोणालाही विनामूल्य मिळू लागला, आणि ज्या ट्रॅकसाठी पूर्वी कपाटाएवढी यंत्रे लागत, ते ट्रॅक संगणकाच्या पडद्यावर पट्ट्यांसारखे एकाखाली एक दिसू लागले.

म्हणजे यंत्राचा प्रश्न सुटला. राहिला तो कानाचा. मोठ्या ध्वनिमुद्रणशाळेत गाणे तयार होते तेव्हा संगीतकार, मुख्य ध्वनिमुद्रक, त्याचे साहाय्यक, वादक असे चार-सहा जण ते ऐकत असतात आणि न विचारताही आपले मत देत असतात. घरच्या खोलीत तसे कोणी नसते. बिली आयलिश ही तरुण गायिका आणि तिचा भाऊ फिनियस यांनी आपल्या पहिल्या गीतसंग्रहाचे मुद्रण लॉस एंजेलिस येथील घरी, भावाच्या लहानशा खोलीत केले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या संग्रहास पुढील वर्षी 'ग्रॅमी' हा मोठा सन्मान मिळाला. या गोष्टीचा उल्लेख नेहमी होतो. पण मिश्रणाचे काम त्यांनी रॉब किनेल्स्की या दुसऱ्या तंत्रज्ञाकडे सोपविले होते, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

दुसऱ्याचे कान का लागतात, हे समजण्यासाठी प्रत्यक्ष काम कसे चालते ते पाहावे लागेल.

समजा, एखाद्या गावातील चार हौशी मित्रांनी एक अभंग मुद्रित करावयाचे ठरविले आहे. एक गातो, एक तबला वाजवितो, एक पेटी. चौथा काहीच वाजवीत नाही, पण संगणक त्याचा आहे. मायक्रोफोन एकच, म्हणून प्रत्येकाचे मुद्रण पाळीपाळीने व्हावयाचे. येथे पहिलाच पेच पडतो : आधी कोणी वाजवावे? तबला आणि पेटी आधी मुद्रित केली, तर गायकाला त्यांच्या मागोमाग गावे लागेल. अभंगात तर उलटे असते. गायक एखाद्या शब्दावर रेंगाळतो, आणि साथीदार त्याला सांभाळून घेतात. म्हणून अनुभवी लोक गायकाला तबल्यासह एकदा साधेपणाने गाऊन घेतात. हे कच्चे गायन हेडफोनमधून ऐकत ऐकत बाकीचे आपापला भाग वाजवितात. सर्व झाल्यावर गायक पुन्हा मन लावून गातो, आणि ते पहिले गायन काढून टाकण्यात येते.

खोलीची तयारीही करावी लागते. रिकाम्या खोलीतील उघड्या भिंतींवरून आवाज परततो आणि मूळ आवाजात मिसळतो. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात १८९५ मध्ये एक नवे व्याख्यानगृह असे घुमत होते, की व्याख्यात्याचा एक शब्द विरण्यापूर्वी पुढचे कित्येक शब्द येऊन त्यात मिसळत, आणि काहीच कळत नसे. तो दोष शोधण्याचे काम वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाकडे आले. रात्री सर्वत्र सामसूम झाली की तो जवळच्या नाट्यगृहातील बैठकींच्या गाद्या त्या दालनात आणावयाचा, एकेक गादी वाढवीत आवाज किती वेळात विरतो ते मोजावयाचा, आणि सकाळ होण्यापूर्वी गाद्या परत जागच्या जागी नेऊन ठेवावयाचा. मऊ वस्तू ध्वनी शोषून घेतात, आणि किती घेतात याचा हिशेब मांडता येतो, हे त्याने दाखवून दिले. घरच्या मुद्रणात हेच काम गोधड्या करतात. गायकाच्या पाठीमागे दोरीवर दोन जाड गोधड्या टाकल्या म्हणजे बराच घुमार नाहीसा होतो. कपड्यांनी भरलेले उघडे कपाटही चालते.

गायकाचे तोंड मायक्रोफोनपासून सुमारे एक वीत अंतरावर असावे. मध्ये पातळ कापड ताणून लावावे. कारण 'प', 'फ', 'भ' अशी अक्षरे उच्चारताना तोंडातून वाऱ्याचा झोत निघतो आणि तो मायक्रोफोनवर आदळला की भडका उडाल्यासारखा आवाज मुद्रित होतो. 'पांडुरंग' या शब्दाने आरंभ होणाऱ्या अभंगात याचा प्रत्यय लगेच येतो.

संगणक आवाजाची मोजमापे घेतो आणि आकड्यांच्या रूपाने ती साठवितो. गाण्याच्या तबकडीसाठी ठरलेला वेग सेकंदाला ४४,१०० मोजमापे असा आहे. मनुष्याच्या कानाला सेकंदाला सुमारे २० पासून २०,००० कंपनांपर्यंतचे आवाज ऐकू येतात, आणि कंपने अचूक टिपावयाची तर मोजमापे त्यांच्या दुपटीहून अधिक घ्यावी लागतात. म्हणून हा आकडा. या आकड्यांना वरची एक मर्यादा असते. आवाज तिच्यापुढे गेला की तरंगाचा माथा कापल्यासारखा सपाट होतो आणि आवाज फाटतो. फाटलेला आवाज मागाहून पूर्ववत करता येत नाही. म्हणून सर्वांत मोठा स्वरही मर्यादेच्या खाली १० ते १२ डेसिबल राहील, अशा बेताने मुद्रण करतात.

आता चार-पाच ट्रॅक हाताशी आले, आणि ज्याचा संगणक तो मित्र मिश्रणास बसला. प्रत्येक ट्रॅकला वरखाली सरकणारी एक खुंटी असते, तिला फेडर म्हणतात. त्याला वाटते, गायकाचे शब्द नीट कळत नाहीत. तो गायकाची खुंटी वर करतो. मग तबला मागे पडला असे वाटते. तबल्याची खुंटी वर जाते. मग पेटी. नवशिक्याच्या सर्व खुंट्या अशा रीतीने अर्ध्या तासात शेंड्याला पोहोचतात, आणि शब्द होते तेथेच राहतात!

शब्द दबले त्याचे कारण गायकाचा आवाज लहान होता हे नव्हे. पेटीचे सूर आणि मनुष्याचा कंठ यांचा वावर एकाच पट्ट्यात असतो. शब्दांतील 'क', 'ट', 'स' यांसारखी व्यंजने ज्यांमुळे स्पष्ट होतात, ती कंपने पुष्कळशी २,००० ते ४,००० च्या घरात असतात. आणि पेटीच्या पात्यांतून निघणारे तीक्ष्ण उपस्वरही तेथेच दाटलेले असतात. मोठा आवाज शेजारच्या लहान आवाजाला झाकून टाकतो, हा कानाचा धर्म आहे. येथे वाढविण्यापेक्षा कमी करणे हाच उपाय. इक्वलायझर नावाच्या साधनाने पेटीचा तेवढाच पट्टा तीन-चार डेसिबल उतरविला आणि पेटी किंचित डावीकडे सरकविली, की शब्द आपोआप वर येतात. गायकाच्या खुंटीला हातही लावावा लागत नाही.

कॉम्प्रेसर नावाचे आणखी एक साधन आहे. आवाज ठरावीक मर्यादेच्या वर गेला की ते त्याला थोडे खाली दाबते. गायक वरचा स्वर लावताना कर्ण्यापासून मागे सरत असे, त्याचेच हे यांत्रिक रूप म्हणता येईल. बेताने वापरले तर ते उपकारक आहे. अतिरेक झाला तर गाण्यातील हळू व जोराचे हा भेदच नष्ट होतो आणि सारे गाणे इस्त्री फिरविल्यासारखे सपाट होते.

ही सर्व साधने पुस्तक वाचून समजतात. पण पेटीने शब्द झाकले आहेत हे त्या मित्राच्या लक्षात येणार कसे? त्याने तो अभंग शंभर वेळा ऐकलेला असतो. शब्द त्याला पाठ असतात, त्यामुळे कानाला न ऐकू आलेले व्यंजन मन आपल्या पदरचे घालते, आणि त्याला सर्व काही स्पष्ट ऐकू येते! स्वयंपाक करणाऱ्याने पाच-सहा वेळा आमटीची चव घेतली, की मीठ कमी का जास्त हे त्याला कळेनासे होते. मग तो घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी हाक मारतो. कानाचेही तसेच आहे. कर्कश आवाज वीस मिनिटे ऐकला की तो कर्कश वाटत नाही.

कानाची दुसरी फसवणूक मोठेपणामुळे होते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर व मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की, आवाज लहान असताना कानाला खर्जातले सूर फारच कमी ऐकू येतात. एकंदर आवाज वाढविला की तेच सूर भरदार ऐकू येऊ लागतात. त्यामुळे एकच गाणे थोडे मोठे करून लावले, तर ते अधिक चांगले झाले असे वाटते. हौशी माणूस दोन तास खपून जी 'सुधारणा' करतो, ती पुष्कळ वेळा एवढीच असते.

तिसरी फसवणूक खोली करते. ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४३ मीटर जातो. खोली ३.४ मीटर लांब असेल, तर ६.८ मीटर लांबीचा तरंग तिच्या दोन भिंतींमध्ये बरोबर अर्धा बसतो. हा तरंग सेकंदाला सुमारे ५० कंपनांचा, म्हणजे अगदी खर्जातला. असा तरंग भिंतींपाशी फुगतो आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. खोलीच्या मधोमध खुर्ची टाकून बसणाऱ्यास तो खर्ज ऐकूच येत नाही. म्हणून तो बायाचा घुमार वाढवीत जातो, आणि तेच गाणे दुसऱ्याच्या घरी लावले की भिंती हादरू लागतात. उलट भ्रमणध्वनीच्या चिमुकल्या ध्वनिवर्धकातून बायाचा घुमार बाहेरच पडत नाही, आणि फक्त दायाची टणत्कार ऐकू येते.

म्हणून हौशी मंडळी एकत्र जमतात. त्यांची एक चांगली पद्धत आहे. मूळ ट्रॅक सर्वांना सारखे वाटावयाचे, प्रत्येकाने आपापल्या घरी स्वतंत्रपणे मिश्रण करावयाचे, आणि ठरलेल्या दिवशी सर्वांनी मिळून ती सर्व मिश्रणे ऐकावयाची. ज्यांना स्वतः मुद्रण करणे शक्य नसते त्यांचीही सोय आहे. माइक सीनियर या इंग्रज तंत्रज्ञाने शेकडो गाण्यांचे सुटे ट्रॅक अभ्यासासाठी विनामूल्य उपलब्ध करून दिले आहेत. या बैठकीचे काही नियम कटाक्षाने पाळावे लागतात. ऐकण्यापूर्वी सर्व मिश्रणांचा मोठेपणा सारखा करून घ्यावा; नाहीतर जो सर्वांत मोठा तोच पहिला ठरेल. कोणते मिश्रण कोणाचे हे झाकून ठेवावे. ऐकताना कोणी बोलू नये. प्रत्येकाने आपले मत आधी कागदावर लिहावे, कारण पहिल्याने तोंड उघडले की इतरांचे कान त्याच्या मागे जातात. आणि ज्याचे मिश्रण चालू आहे त्याने 'मी येथे मुद्दाम असे केले आहे' असे समर्थन करू नये. गाणे ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या घरी जाऊन त्याला ते समर्थन थोडेच करता येणार आहे?

मतही उपयोगी पडेल असे हवे. 'मजा आली नाही' या मताने कोणाचेच काही सुधारत नाही. 'दुसऱ्या चरणाच्या आरंभी पेटी सुरू झाली की पुढचे तीन शब्द कळत नाहीत' या मताने पाच मिनिटांत दोष सापडतो. असे बोलता येणे हीदेखील सवयीने येणारी गोष्ट आहे. आरंभी सगळेच एकतर वाहवा करतात किंवा नाके मुरडतात. पुन्हा, तबलजीला प्रत्येक मिश्रणात तबला कमी वाटतो आणि पेटीवाल्याला पेटी. ज्याचे ज्यावर प्रेम, त्याचा कान तिकडे ओढला जातो. चौघांची ओढ चार दिशांना असल्यामुळे मधली जागा सापडते. आणि ज्याने तो अभंग कधी ऐकलेला नाही अशा पाचव्या माणसाला बोलावून 'शब्द कळले का?' एवढेच विचारले, तर त्याच्या उत्तराची किंमत या चौघांच्या मतांहून अधिक असते.

कित्येकदा खरा मतभेद होतो. गायकाचा एक स्वर किंचित उतरला आहे. सूर दुरुस्त करणारे साधन संगणकात असते. त्यांतले प्रसिद्ध साधन अँडी हिल्डेब्रँड या अमेरिकन गृहस्थाने १९९७ मध्ये आणले. भूगर्भातील खनिज तेल शोधण्यासाठी जमिनीतून परत येणाऱ्या लहरींचा अभ्यास करणारा हा माणूस. तीच विद्या त्याने कंठाच्या सुराला लावली. एक मित्र म्हणतो, कळ दाबली की काम झाले. दुसरा म्हणतो, पुन्हा गाऊ दे. दुसऱ्याचे म्हणणे अधिक योग्य होय. हे साधन पेटीच्या बारा स्वरांना जुळवून ठेवले, तर ते प्रत्येक सुराला जवळच्या पट्टीवर आणून बसविते. परंतु आपल्या संगीतात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड आहे, रागारागांत किंचित चढणारे-उतरणारे गंधार-धैवत आहेत. त्या यंत्राला मींड ही चूकच वाटते, आणि ते तिच्या पायऱ्या करून टाकते.

आपल्या समजुतीने जो दोष, तो खरोखर दोष आहे का, हा प्रश्न सर्वांत बिकट होतो तो जुने गाणे टिपताना. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून स्त्रिया पहाटे जात्यावर दळताना ओव्या म्हणत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांच्या साहाय्याने अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतील अनेकींचे ध्वनिमुद्रणही झाले आहे. पण गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली, आणि ज्यांना त्या ओव्या मुखोद्गत आहेत अशा स्त्रिया आता वृद्ध झाल्या आहेत. घरी ध्वनिमुद्रण शिकलेल्या मुलाला आपल्या आजीच्या ओव्या टिपता येतील. हे मुद्रण मात्र पुन्हा करावयास मिळेलच असे नाही.

येथे निराळे ट्रॅक नसतात. आजीचा आवाज आणि जात्याची घरघर एकाच मायक्रोफोनमध्ये एकदमच येतात. म्हणजे प्रमाण साधावयाचे ते कर्ण्याच्या काळाप्रमाणे अंतरानेच. मायक्रोफोन तोंडाजवळ एका वितीवर ठेवला, तर दळताना पुढेमागे होणारे तिचे तोंड कधी एक वीत तर कधी दोन विती दूर जाईल. अंतर दुप्पट झाले की तरंगाची उंची निम्मी होते, म्हणून आवाज सारखा चढत-उतरत राहील. फार दूर ठेवला तर घरघरच उरेल. हातभर अंतरावर, तोंडाच्या किंचित वरच्या बाजूस, जात्याकडे पाठ करून तो टांगला तर बरा मेळ बसतो. जात्याखाली जाड पोते घातले म्हणजे जमिनीतून येणारा हादराही कमी होतो.

मुलगा घरी येऊन हे मुद्रण ऐकतो, आणि त्याला ती घरघर खटकते. नको असलेल्या आवाजाचा थोडा नमुना दाखविला की तसा आवाज सर्वत्र पुसून टाकणारे साधन त्याच्या संगणकात आहे. तो ते वापरतो. घरघर बरीचशी जाते. आजीचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो, हे त्याच्या ध्यानात येत नाही, कारण तो घरघर गेली का एवढेच ऐकत असतो. मित्र ऐकतात तेव्हा एकाला तो पाणचट आवाज खटकतो. दुसऱ्याला ओव्या मध्येच अडखळल्यासारख्या वाटतात. आणि आजीला ऐकविले तर ती विचारते, "अरे, जातं थांबलं का रे मधेच?"

ओवीचा ताल जात्याच्या फेऱ्यात असतो. खुंटा तिच्याकडे आला की एक शब्द, दूर गेला की दुसरा. श्वासही त्याच फेऱ्यात घेतलेला. जाते पुसले की ती कोठे थांबली आणि का थांबली, याचा उलगडाच होत नाही. मग ते मित्र मूळ मुद्रण पुन्हा उघडतात. घरघर तशीच ठेवतात. फक्त ८० कंपनांच्या खालचा जमिनीचा हादरा तेवढा काढतात, कारण आजीचा आवाज त्याच्या पुष्कळ वरचा आहे आणि त्याला धक्का लागत नाही. ऐकण्यासाठी ही एक प्रत तयार होते. मूळ मुद्रणाची काहीही न बदललेली प्रत दोन निराळ्या ठिकाणी जपून ठेवतात.

गौहर जान गाणे संपताच कर्ण्यात आपले नाव मोठ्याने सांगत असे. तबकड्या तयार करण्याचा कारखाना दूर जर्मनीत, हॅनोव्हर शहरी होता. तेथील लोकांना गाणे कोणाचे ते कळावे म्हणून ही योजना. पुढल्या वेळी मायक्रोफोन बंद करण्यापूर्वी तो मुलगा आजीला तिचे नाव, तिचे माहेरचे गाव आणि त्या दिवसाची तिथी सांगावयास लावतो. आजी माहेरचे गाव सांगते, आणि त्याबरोबर या ओव्या आपल्याला कोणी शिकविल्या तेही सांगू लागते. म्हणून तो मायक्रोफोन तसाच चालू ठेवतो.